एक्स्टेन्शनला ‘सगळं’ वाचू द्यावं का?

ब्राउझरला जादा कामं शिकवणारे छोटे जोड-प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन आणि एक्स्टेन्शन, कितपत सुरक्षित असतात, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत. मेनूंची नावं विंडोजवरच्या इंग्रजी क्रोम आणि एजप्रमाणे आहेत; मॅकवर किरकोळ फरक पडेल.

प्रश्न : पडद्याचा फोटो काढण्यासाठी मी क्रोममध्ये एक एक्स्टेन्शन घेतलं आहे. लाखो लोक ते वापरतात, साडेचार तारे आहेत, गुगलच्याच स्टोअरवरून घेतलं आहे. घेताना त्याने सगळ्या वेबसाइटवरचा माझा सगळा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागितली, मी दिली. आता मुलगा म्हणतो, ताबडतोब काढा. इतकं घाबरण्यासारखं काय आहे?
— निवृत्त बँक कर्मचारी, सातारा

उत्तर : मुलाचं म्हणणं बरोबर आहे. ती परवानगी इंग्रजीत ‘रीड अँड चेंज ऑल युवर डेटा ऑन ऑल वेबसाइट्स’ अशी दिसते आणि तिचा अर्थ अक्षरशः घ्यायचा असतो. ती मिळालेलं एक्स्टेन्शन तुम्ही उघडलेल्या जवळजवळ प्रत्येक पानात स्वतःचा कोड चालवू शकतं. नेटबँकिंगच्या पानावर एचटीटीपीएस असतं हे खरं, पण ते रक्षण करतं बँकेचा सर्व्हर आणि तुमचा ब्राउझर यांच्यामधल्या वाटेचं. एक्स्टेन्शन त्या वाटेवर नसतंच. मजकूर उलगडून पडद्यावर आल्यावर ते तो वाचतं, आणि तुम्ही टाइप केलेला पासवर्ड कूटबद्ध होण्याआधीच उचलू शकतं. शिल्लक, लाभार्थ्याचा खाते क्रमांक, चौकटीत भरलेला ओटीपी, सगळं त्याच्यापुढे उघडं असतं. ‘चेंज’ या शब्दाकडे तर कुणी पाहतच नाही. पडद्यावर एक खाते क्रमांक दाखवून बँकेकडे दुसराच पाठवणंही त्याला जमतं.

तुमचं एक्स्टेन्शन असं काही करत असेलच असं नाही. पण तारे मिळालेले असतात ते कालच्या आवृत्तीला, आणि आज रात्री आपोआप उतरणारी आवृत्ती कोणाची असेल हे तारे सांगत नाहीत. ‘द ग्रेट सस्पेंडर’चं उदाहरण घ्या. न वापरलेले टॅब गोठवून मेमरी वाचवणारं हे एक्स्टेन्शन सुमारे २० लाख लोक वापरत होते. जून २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते विकलं. नवा मालक कोण, ते वापरणाऱ्यांना कळलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते घातक ठरवून स्टोअरवरून उतरवलं आणि लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केलं. मधल्या काळात वापरणाऱ्यांनी कुठलंही चुकीचं बटण दाबलं नव्हतं.

विक्री न होताही हे घडतं. सायबरहेवन ही कंपनी डेटाची गळती रोखणारं एक्स्टेन्शन बनवते. २४ डिसेंबर २०२४ रोजी तिथल्या एका कर्मचाऱ्याला क्रोमच्या स्टोअरकडून आल्यासारखी दिसणारी मेल आली : तुमचं एक्स्टेन्शन नियमभंगामुळे काढलं जाईल. लिंक उघडली ती गुगलच्या खऱ्याच परवानगी पानावर. तिथे ‘प्रायव्हसी पॉलिसी एक्स्टेन्शन’ नावाच्या एका ॲपला स्टोअरवरची एक्स्टेन्शनं हाताळण्याची मुभा दिली गेली. पासवर्ड कुणी चोरला नाही, त्यामुळे दुहेरी पडताळणी असूनही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी २४.१०.४ ही आवृत्ती स्टोअरची तपासणी पार करून सुमारे ४ लाख लोकांच्या दिशेने निघाली आणि २५ तासांच्या आसपास तिथे राहिली. तिला हव्या होत्या कुकीज (साइटने तुम्हाला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) आणि लॉगिनच्या खुणा, मुख्यतः फेसबुकवरच्या जाहिरात खात्यांच्या.

आता कळीची गोष्ट. नव्या आवृत्तीला आधीपेक्षा जास्त परवानगी हवी असेल, तर क्रोम ते एक्स्टेन्शन थांबवतो आणि तुमची संमती मागतो. चांगला नियम आहे. पण ज्याला पहिल्याच दिवशी ‘सगळं’ दिलं, त्याला पुन्हा काही मागावं लागत नाही. अशी आधीच सगळं मिळालेली एक्स्टेन्शनं विकत घ्यायला म्हणूनच गिऱ्हाईक असतं. तेव्हा एक्स्टेन्शन किती प्रसिद्ध आहे यापेक्षा त्याचा हात कुठवर पोहोचतो ते पाहा.

पत्त्याच्या पट्टीशेजारच्या कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हावर क्लिक करा, ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’ उघडा, प्रत्येकाखालचं ‘डीटेल्स’ दाबा. तिथे ‘साइट ॲक्सेस’मध्ये तीन पर्याय दिसतात : ‘ऑन क्लिक’, ‘ऑन स्पेसिफिक साइट्स’ आणि ‘ऑन ऑल साइट्स’. जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन किंवा पासवर्ड मॅनेजर यांना तिसऱ्याशिवाय धड काम करता येत नाही, म्हणून ती नीट पारखून एकेकच ठेवा. भाषांतर, शब्दकोश वगैरे ‘ऑन क्लिक’वर चालतात. पडद्याचा फोटो काढणाऱ्याला तर क्लिक केल्यावर त्या एका टॅबपुरता प्रवेश पुरतो. क्रोममध्ये तशी ‘ॲक्टिव्ह टॅब’ नावाची परवानगी आहे. ती सोडून ते ‘सगळं’ मागत असेल, तर बनवणाऱ्याचा आळस आहे किंवा काही हेतू आहे, आणि काढून टाकायला यांपैकी एकही पुरे. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकदम दाबली की पडद्याचा हवा तो भाग कापून मिळतो. एक्स्टेन्शन लागतंच कशाला?

बँकेच्या कामासाठी क्रोममधली ‘गेस्ट’ खिडकी वापरा. तिच्यात एकही एक्स्टेन्शन चालत नाही. ‘इन्कॉग्निटो’वर मात्र डोळे झाकून विसंबू नका. तिथे एक्स्टेन्शनं मुळात बंद असतात, पण ‘अलाउ इन इन्कॉग्निटो’ कधी चालू केलं असेल तर ती तिथेही येतात.

प्रश्न : दुकानाच्या संगणकावर क्रोममध्ये काहीही शोधलं की आधी भलताच पत्ता चमकतो आणि मग निकाल येतात. एक अनोळखी एक्स्टेन्शन दिसतं, पण ‘रिमूव्ह’चं बटणच नाही. मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं लिहिलं आहे. आमची कसली ऑर्गनायझेशन? सुताचं दुकान आहे. क्रोम काढून पुन्हा टाकला, तरी तेच.
— हिशेबनीस, इचलकरंजी

उत्तर : मोठ्या कार्यालयांतल्या शेकडो संगणकांवर ठरावीक एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावं, म्हणून क्रोममध्ये ‘पॉलिसी’ची सोय आहे. तुमच्या संगणकावर चालवलेल्या एखाद्या फुकट प्रोग्रॅमने, बहुधा पीडीएफ जोडणाऱ्या किंवा व्हिडिओ उतरवणाऱ्या, हीच सोय वापरली आहे. पॉलिसी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या कोठारात, राहते, क्रोममध्ये नाही. म्हणून क्रोम काढून फरक पडला नाही.

इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी क्रोमचं ‘सिंक’ बंद करा, नाहीतर त्याने केलेले बदल गुगल खात्यातून घरच्या संगणकावर जाऊ शकतात किंवा साफ केल्यावर इकडे परत येऊ शकतात. मग पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं सलग टाइप करा. उघडलेल्या यादीत ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ हे नाव सापडेल. त्यापुढे ३२ अक्षरांची एक ओळ असते. तिच्यात इंग्रजी ‘ए’ ते ‘पी’ एवढीच अक्षरं येतात, आकडा येत नाही. ती त्या एक्स्टेन्शनची ओळख आहे. कागदावर उतरवून घ्या किंवा फोटो काढा, पुढे ताडून पाहायला लागेल.

रजिस्ट्रीला हात लावण्याआधी, ती नोंद तिथे घालणारा शोधा. लोक इथेच चुकतात : नोंद पुसतात, खूश होतात आणि संध्याकाळी ती परत हजर असते. ‘टास्क शेड्युलर’ उघडून ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’तली कामं एकेक पाहा. ‘ॲक्शन्स’ या टॅबमध्ये पॉवरशेल (विंडोजला लेखी आज्ञा देण्याचं साधन) चालवणारं, किंवा ‘ॲपडेटा’ फोल्डरमधली विचित्र नावाची फाइल चालवणारं काम संशयास्पद धरा. ते लगेच पुसू नका, आधी ‘डिसेबल’ करा, म्हणजे चुकून कामाचं निघालं तर परत चालू करता येईल. मग स्थापित प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराला आलेला अनोळखी प्रोग्रॅम काढा.

आता रजिस्ट्री एडिटर. ‘एचकी लोकल मशीन’ आणि ‘एचकी करंट युजर’ या दोन्हींखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम असं उतरत जा. ‘क्रोम’ फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ने आधी प्रत ठेवा आणि फोर्सलिस्टमधली उतरवून घेतलेली ३२ अक्षरांची नोंद तेवढी पुसा. पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, एज या वाटेनेही पाहून घ्या, बहुतेक वेळा दोन्हीकडे घुसखोरी असते. संगणक पुन्हा चालू केल्यावर ‘रिमूव्ह’चं बटण दिसायला हवं. शेवटी ‘विंडोज सिक्युरिटी’मधल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. संगणक आपण होऊन बंद-चालू होतो आणि विंडोज पूर्ण उठण्याआधी तपासणी होते, त्यामुळे लपलेल्याला लपायला वाव कमी. एक इशारा : संगणक खरोखरच एखाद्या संस्थेचा असेल तर यातलं काही करू नका, तिथल्या संगणक विभागाला सांगा.

एवढ्यावर थांबलात तर काम अर्धंच झालं. एक्स्टेन्शनने लॉगिनची कुकी नेली असेल, तर चोराला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. तुम्ही आधीच आत आहात असंच सर्व्हरला वाटतं. म्हणून जीमेल, फेसबुक वगैरे खात्यांत ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा, व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून अनोळखी नोंदी काढा आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. पैसे गेले असतील तर साफसफाई बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकाला फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात, बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर बोजा पडत नाही असं म्हटलं होतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) संगणकावर उघडला की ‘प्लगइन इन्स्टॉल करा’ असं येतं आणि नव्या ब्राउझरमध्ये चित्र दिसत नाही. तंत्रज्ञ म्हणतो, जुना ब्राउझर टाकून देतो, सुरक्षेची सेटिंग्ज थोडी खाली आणावी लागतील. करावं का?
— गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे

उत्तर : नाही. तुमचा डीव्हीआर मागतो आहे ते ॲक्टिव्हएक्स किंवा एनपीएपीआय या जुन्या पद्धतीचं प्लगइन. आजच्या एक्स्टेन्शनला परवान्यांची चौकट तरी असते. हे प्लगइन म्हणजे थेट विंडोजचा प्रोग्रॅम, तुमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालणारा. त्यात एक फट असली की तुम्ही उघडलेलं एखादं घातक पान तुमच्या संगणकावर हवं ते चालवू शकतं. फ्लॅश आणि जावा यांनी अनेक वर्षं हेच भोगलं. जानेवारी २०१३ मध्ये जावातल्या एका त्रुटीनंतर अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने ब्राउझरमधला जावा बंदच करा असं सांगितलं होतं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ४५ व्या आवृत्तीत एनपीएपीआय काढून टाकलं, इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. हे दुकान बंद झालं ते सबळ कारणाने. आता तंत्रज्ञाच्या सोयीसाठी ते सोसायटीच्या कार्यालयात पुन्हा उघडायचं नाही.

चित्र पाहायला ब्राउझर लागतच नाही. बहुतेक डीव्हीआर ‘आरटीएसपी’ या पद्धतीने चित्र पुरवतात. व्हीएलसी प्लेअर उघडा, कंट्रोल आणि एन दाबा, आणि डीव्हीआरच्या पुस्तिकेत दिलेला आरटीएसपी पत्ता भरा. त्यात डीव्हीआरचा अंतर्गत आयपी पत्ता, पोर्ट ५५४ आणि कॅमेऱ्याचा क्रमांक येतो. चित्र अडखळलं तर ‘मेन स्ट्रीम’ऐवजी ‘सब स्ट्रीम’चा पत्ता वापरा : आकार लहान, पण हालचाल सलग. डीव्हीआरमध्ये या कामासाठी वेगळा, फक्त पाहण्याचा अधिकार असलेला युजर करा. प्रशासकाचा पासवर्ड व्हीएलसीमध्ये भरू नका, तो पत्त्यासोबत उघड्या अक्षरांत राहतो.

जुनं फुटेज उतरवायला वेबपानाशिवाय गत्यंतर नसेल, तर एजमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘डीफॉल्ट ब्राउझर’ इथे जाऊन ‘इंटरनेट एक्स्प्लोरर मोड’ला परवानगी द्या आणि यादीत फक्त डीव्हीआरचा अंतर्गत पत्ता घाला. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप गळते. गळू द्या, लागेल तेव्हा पुन्हा घाला. दुसरी कुठलीही साइट त्यात नको. २०२५ मध्ये हल्लेखोर लोकांना गोड बोलून एखादं पान याच मोडमध्ये उघडायला लावत आणि जुन्या इंजिनातल्या फटीतून आत शिरत. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने टूलबारवरचं त्याचं सोपं बटणच काढलं.

याहून मोठा धोका बहुधा तुमच्या राउटरवर आहे. सदस्यांना बाहेरून पाहता यावं म्हणून तंत्रज्ञाने ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून ठेवलं असेल, तर डीव्हीआरचं पान साऱ्या जगाला उघडं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत अशी त्रुटी जाहीर झाली की पासवर्डशिवाय, नुसती रचलेली विनंती पाठवून यंत्रावर आज्ञा चालवता येत होती. राउटरमधल्या त्या नोंदी काढा, ‘यूपीएनपी’ (उपकरणांना राउटरची दारं आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा आणि डीव्हीआरचं फर्मवेअर (यंत्रातला मूळ प्रोग्रॅम) उत्पादकाच्या साइटवरून अद्ययावत करा.

प्रश्न : जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करताना ‘एमसायनर’ चालत नाही. सहकारी सांगतात, १२७.०.०.१ हा पत्ता १५८५ या पोर्टवर उघडा आणि ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ हा इशारा ओलांडून पुढे जा. सुरक्षा शिकवता आणि इशारे ओलांडायला सांगता, हे कसं?
— कर सल्लागार, सांगली

उत्तर : रास्त शंका. पूर्वी ही सही जावा ॲपलेटने व्हायची. ब्राउझरांनी जावा काढल्यावर प्लगइनची जागा तुमच्याच संगणकावर चालणाऱ्या छोट्या सेवेने, म्हणजे एमसायनरने, घेतली. पोर्टलचं पान तिला सांगतं, ती यूएसबी टोकनकडून (सहीची किल्ली साठवलेल्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणाकडून) सही करून घेते. १२७.०.०.१ म्हणजे तुमचाच संगणक. त्या सेवेचं प्रमाणपत्र कुठल्या मान्यताप्राप्त संस्थेने दिलेलं नसतं, म्हणून क्रोम अडतो. माहिती संगणकाबाहेर जात नसल्याने हा एक इशारा ‘ॲडव्हान्स्ड’मधून ओलांडायला हरकत नाही. क्रोम ही सूट साधारण आठवडाभर लक्षात ठेवतो आणि मग पुन्हा अडतो, बिघाड नव्हे. मात्र पत्त्यात हेच चार आकडे असतील तरच. दुसऱ्या कुठल्याही नावापुढे हा इशारा आला तर मागे फिरा.

अशा सेवांनाही फटी असतात. उघडलेलं कुठलंही वेबपान १२७.०.०.१ वरची दारं ठोठावू शकतं, आणि आतली सेवा कोण बोलतंय हे न विचारता उत्तर देऊ लागली की घोटाळा होतो. २०१९ मध्ये मॅकवरच्या झूमने असाच एक सर्व्हर १९४२१ या पोर्टवर चालू ठेवला होता. दुसऱ्याच एखाद्या साइटवर गेल्यावर कॅमेरा चालू होऊन माणूस मीटिंगमध्ये ओढला जाऊ शकत होता. झूम काढून टाकला तरी तो सर्व्हर मागे राहायचा. जुलैमध्ये ॲपलने स्वतः अपडेट पाठवून तो हटवला. हल्लीचा क्रोम अशा वेळी आधी परवानगी विचारतो. तुम्ही घाईत ‘ब्लॉक’ दाबलं असेल तर एमसायनर बंद पडण्याचं तेही कारण असू शकतं : पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबा आणि जीएसटीच्या साइटला स्थानिक नेटवर्कची परवानगी द्या, इतर कुणाला नको.

एमसायनर पोर्टलवरच्या दुव्यावरूनच उतरवा, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवा आणि रिटर्न भरून झालं की बंद करा. टोकन दिवसभर यूएसबीत खोचून ठेवण्याची कार्यालयांतली सवय मात्र मोडायलाच हवी. सेवा चालू, टोकन आत आणि पिन लक्षात ठेवलेला, एवढं जमून आलं तर तुमच्या नावाने सही करायला तुमची गरजच उरत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, महाविद्यालयासाठी एक एक्स्टेन्शन लिहितो आहे. हेतू वाईट नसताना त्रुटी कुठे राहतात?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वेबपानाकडून आलेल्या निरोपावर विश्वास ठेवण्यात. जानेवारी २०१७ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटातले टॅव्हिस ऑर्मंडी यांनी सिस्कोच्या वेबेक्स या ऑनलाइन बैठकांच्या एक्स्टेन्शनमधली त्रुटी उघड केली. पत्त्यात एक ठरावीक लांबलचक फाइलनाव असलं की ते एक्स्टेन्शन जागं व्हायचं, साइट कुणाचीही असो. मग पानाकडून आलेला निरोप ते संगणकावरच्या मदतनीस प्रोग्रॅमकडे पोहोचवायचं, आणि कुठल्या डीएलएलमधलं (विंडोजच्या तयार कोडच्या फाइलमधलं) कुठलं फंक्शन चालवायचं हे निरोपातच सांगता येत होतं. म्हणजे कुठल्याही साइटला विंडोजवर हवी ती आज्ञा चालवता येणार. सुमारे २ कोटी लोक ते वापरत होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनीच ग्रामरली या इंग्रजी लेखन तपासणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये दाखवलं की वापरणाऱ्याचं लॉगिन टोकन एक्स्टेन्शनकडून प्रत्येक साइटच्या हाती लागू शकतं. ते काही तासांतच दुरुस्त झालं.

तुमच्यासाठी : कन्टेन्ट स्क्रिप्टचे (एक्स्टेन्शनच्या पानात चालणाऱ्या कोडचे) व्हेरिएबल पानापासून वेगळे राहतात, पण डॉम, म्हणजे पानाची रचना, दोघांचा एकच असतो, तेव्हा तिथून वाचलेलं काहीही शत्रूचं समजा. ‘विंडो डॉट पोस्टमेसेज’ने आलेला निरोप पानावरचा कुठलाही कोड पाठवू शकतो. बॅकग्राउंडमध्ये ‘सेंडर’चं ओरिजिन (निरोप कुठल्या साइटवरून आला ते) तपासा आणि ‘हा पत्ता आणून दे’ असं मोघम काम कधीच स्वीकारू नका. ठरावीक कामांची यादी ठेवा, बाकी नाकारा. मजकूर दाखवायला ‘इनर एचटीएमएल’ नको, ‘टेक्स्ट कन्टेन्ट’ वापरा. टोकन कन्टेन्ट स्क्रिप्टकडे जाऊच देऊ नका. ‘होस्ट परमिशन्स’मध्ये महाविद्यालयाचं डोमेन तेवढं लिहा. आणि स्टोअरवरच्या विकासक खात्याला दुहेरी पडताळणी लावा, पण सायबरहेवनचं प्रकरण वर वाचलंत, तेव्हा स्टोअरच्या नावाने आलेल्या मेलमधली लिंक न दाबता थेट डॅशबोर्ड उघडायची सवय लावा.

प्रश्न : मराठी टाइप करण्यासाठीचं एक्स्टेन्शन सगळ्या साइटवर प्रवेश मागतं. मी प्रश्नपत्रिका आणि विद्यार्थ्यांचे निकाल त्यातूनच टाइप करते. धोका आहे का?
— शिक्षिका, लातूर

उत्तर : टाइप करणाऱ्या साधनाला तुमची प्रत्येक कळ कळणारच, त्याशिवाय ते अक्षर कसं उमटवणार? म्हणून तिथे बनवणाऱ्यावरच्या विश्वासाला पर्याय नाही, आणि अनोळखी बनवणारा नकोच. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. ‘सेटिंग्ज’, ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘लँग्वेज’ इथे मराठी जोडा, तिच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘ॲड अ कीबोर्ड’ करून ‘मराठी फोनेटिक’ निवडा. विंडोज आणि स्पेसबार एकदम दाबून इंग्रजी-मराठी बदला. इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ लिहिलंत की देवनागरीत उमटतं, वर्डमध्येही आणि नेट नसतानाही. सवय व्हायला थोडे दिवस लागतील, ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ सुरुवातीला त्रास देतील.

प्रश्न : शाळेकडे फ्लॅशमध्ये बनवलेल्या मराठी पाठांच्या जुन्या सीडी आहेत. फ्लॅश प्लेअर कुठून मिळेल?
— ग्रंथपाल, मडगाव

उत्तर : शोधू नका. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरच मजकूर चालवायला नकार देतो. आज ‘फ्लॅश डाउनलोड’ म्हणून मिळणाऱ्या फाइलमध्ये नको ते असण्याची शक्यता फार. सीडीवर ‘एसडब्ल्यूएफ’ फाइली असतील तर ‘रफल’ हा मुक्त प्रोग्रॅम त्या उघडतो. तो फ्लॅशची नक्कल करतो, फ्लॅश बसवत नाही. ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेच्या जुन्या १ आणि २ या आवृत्त्यांमधले पाठ बहुधा नीट चालतील, ३ मधले काही अडखळतील. सीडीवर थेट चालणारी ‘ईएक्सई’ फाइल असेल तर प्लेअर तिच्यातच भरलेला असतो. ती नेट तोडलेल्या संगणकावर चालवा.

प्रश्न : मोबाइलवर हे सगळं लागू आहे का?
— वाचक, चंद्रपूर

उत्तर : अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसतच नाहीत. फायरफॉक्समध्ये बसतात, तिथे वरचे परवानग्यांचे नियम पाळा. पण मोबाइलवर हीच चोरी ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (दिव्यांगांच्या मदतीसाठी पडदा वाचू देणारी) परवानगी मिळवलेली ॲप करतात. सेटिंग्जमध्ये ती यादी उघडून तुम्ही स्वतः न दिलेलं प्रत्येक नाव बंद करा.